लेस्टरहून आठवडाभर समुद्राकाठी: आई-बाबा, मुलं आणि भरतीचं वेळापत्रक

रेवा_लेस्टर

नमस्कार मंडळी. आम्ही लेस्टरला राहतो. जूनअखेर माझे आई-बाबा हर्णैहून तीन महिन्यांसाठी येताहेत. बाबांचं वय ७३. दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा गुडघा बदलला. सपाटीवर अर्धा तास आरामात चालतात, पण उतार आणि पायऱ्या नकोत. आई ६८ वर्षांची, पाय उत्तम, थंडी मात्र सोसत नाही. मुलगा ११ चा, मुलगी ६ ची.

त्यांना लंडन वगैरे दाखवणार आहेच, पण एक आठवडा इंग्लंडच्या खेड्यात, समुद्राजवळ घर घेऊन सगळ्यांनी एकत्र राहावं असं मनात आहे. आजूबाजूला शेतं असावीत, सकाळी चहा घेऊन अंगणात बसता यावं, मुलांना वाळू मिळावी. झगमगाटी जत्रा असलेलं ठिकाण नको. गाडीने एका दमात चार तासांहून जास्त नको.

इतकं खोदून विचारतेय त्यामागे कारण आहे. मागच्या वर्षी सासू-सासरे आले होते तेव्हा आम्ही असंच एक घर घेतलं. जाहिरातीत लिहिलं होतं, समुद्र पाच मिनिटांवर. पाच मिनिटं खरी होती, पण ती कड्यावरून खाली उतरणाऱ्या शंभरावर पायऱ्यांची होती. सासरे पहिल्या दिवशी कसेबसे उतरले, वर येताना तीनदा बसले, आणि उरलेला आठवडा खिडकीतून समुद्र बघत काढला. एकदाही तक्रार केली नाही. तो आठवडा मला अजून टोचतो. या वेळी तसं होऊ द्यायचं नाही.

डॉर्सेट_वारी

रेवाताई, आम्ही तीन वेळा डॉर्सेटला गेलोय, त्यामुळे माझं मत तिकडेच. एक्समथपासून स्टडलंडपर्यंतचा साधारण १५० किलोमीटरचा तो किनारा २००१ पासून जागतिक वारसा यादीत आहे. ११ वर्षांच्या मुलाला चार्मथला नक्की न्या. तिथे जाणकारांबरोबर जीवाश्म शोधायच्या फेऱ्या असतात. ओहोटी लागल्यावर वाळूवर पडलेले दगड उलटे करायचे, कड्याला हात लावायचा नाही, कारण दरडी कोसळतात. शेजारच्या लाइम रीजिसमध्येच मेरी ॲनिंगने १८११-१२ च्या सुमारास इक्थिओसॉर या प्राचीन समुद्री सरीसृपाचा तो प्रसिद्ध सांगाडा शोधला. ती तेव्हा तुमच्या लेकाएवढीच, बारा वर्षांची होती.

राहायला स्वॉनेज घ्या. वाळू छान, आणि गावातून कॉर्फ कॅसलला वाफेच्या इंजिनाची गाडी जाते. फक्त डर्डल डोअर या समुद्रातल्या दगडी कमानीचे फोटो बघून बाबांना तिथे नेऊ नका. वाट सरळ उतरणीची आहे आणि शेवटी पायऱ्या. तुमचा मागचा अनुभव पुन्हा होईल.

भटकंती_अखंड

माझं मत नॉर्थंबरलंड. बॅम्बराचा किल्ला किनाऱ्यालगतच्या काळ्या खडकावर उभा आहे, खाली मैलोन्मैल मोकळा किनारा. सीहाउसेसहून बोटीने फार्न बेटांवर जायचं, जुलैच्या मध्यापर्यंत पफिन पक्षी दिसतात. होली आयलंडचा रस्ता दिवसातून दोनदा समुद्राखाली जातो, तो अनुभव मुलं विसरणार नाहीत. पण लेस्टरहून साडेचार तास तरी लागतात, म्हणजे तुमच्या अटीबाहेर. मध्ये यॉर्कला एक मुक्काम केला तर जमेल.

खारं_पाणी

हर्णैच्या माणसांना समुद्र दाखवायला एवढा खर्च? त्यांनी जन्मभर समुद्रच बघितला आहे. त्यांना डोंगर दाखवा, लेक डिस्ट्रिक्टला न्या.

रेवा_लेस्टर

@खारं_पाणी, हा विचार मीही केला होता. बाबांनाच फोनवर विचारलं. ते म्हणाले, "डोंगर दापोलीच्या घाटात रोज बघतो. तुमच्याकडचा दर्या कसा वागतो ते बघायचंय." ज्याने दर्या बघितलाय त्यालाच दुसरा दर्या बघायची ओढ असते, असं मला वाटतं. त्यामुळे समुद्र नक्की.

डॉर्सेट मनात भरलंय, पण सुट्टीच्या शनिवारी दक्षिणेकडचे रस्ते तुंबलेले असतात, त्याची धास्ती वाटते. पूर्वेकडे कुणी गेलंय का?

नॉरफोककर

मी बारा वर्षं नॉरिचजवळ राहतोय, त्यामुळे सविस्तर लिहितो. तुमच्या सगळ्या अटी ऐकून माझ्या डोळ्यांसमोर उत्तर नॉरफोकच आलं. लेस्टरहून ए४७ धरून किंग्ज लिन, तिथून किनाऱ्याचा ए१४९. अडीच ते तीन तास. शेवटच्या टप्प्यात ट्रॅक्टरमागे रांग लागते, ती गृहीत धरा.

पहिली गोष्ट, मुलूख सपाट आहे. क्रोमर-शेरिंगमच्या बाजूला थोडे कडे आहेत, पण वेल्स (देश नव्हे, इथलं गाव), होल्कम, ब्लेकनी हा मधला पट्टा बाबांच्या गुडघ्याला मानवेल असा. दुसरी गोष्ट, हा ब्रिटनमधल्या सगळ्यांत कोरड्या भागांपैकी एक. पाऊस पडणारच नाही असं नाही, पण पश्चिमेच्या मानाने बराच कमी. वारा मात्र उत्तरेकडून आला तर जुलैतही बोचतो. आईंसाठी कानटोपी आणि जाड स्वेटर आणाच.

घरं गारगोटीच्या भिंतींची, कौलं लाल. शेतांत जुलैत सातू पिवळा पडायला लागलेला असतो आणि बांधावर खसखशीची लाल फुलं. फाटकाशी अंडी, बटाटे, फुलांच्या जुड्या ठेवलेल्या दिसतील, शेजारी पत्र्याचा डबा. पैसे टाकायचे आणि वस्तू घ्यायची, बघायला कुणी नसतं. माझ्या आईला इंग्लंडमध्ये सगळ्यांत जास्त काय आवडलं असेल तर तो डबा.

आता ठिकाणं.

वेल्स-नेक्स्ट-द-सी: धक्क्यावर बसून मुलं दोरीने खेकडे पकडतात, आजी-आजोबा बाकावर बसून बघतात. समुद्रकिनारा गावापासून मैलभर लांब आहे. तिथेही गाडी लावता येते. पाइनच्या राईला लागून खांबांवर उभ्या रंगीत लाकडी खोल्या आहेत, त्यांतल्या काही दिवसाच्या भाड्याने मिळतात. वारा असेल तर आईंना आत बसवून चहा करता येतो. पण खोलीला चार-पाच लाकडी पायऱ्या असतात, बाबांसाठी ते बघून घ्या.

मॉर्स्टन: इथून बोटी ब्लेकनी पॉइंटला सील दाखवायला नेतात. तासाभराची फेरी. उन्हाळ्यात जून ते ऑगस्ट कॉमन सीलची पिल्लं दिसतात. ग्रे सीलची पिल्लं हिवाळ्यात होतात आणि त्यांची इंग्लंडमधली सगळ्यांत मोठी वसाहत तिथेच आहे.

क्रोमर: खेकड्यांसाठी प्रसिद्ध. १९०१ सालचा धक्का, त्याच्या टोकाला नाट्यगृह.

हन्स्टंटन: कड्याला लाल, पांढरे, तांबूस असे थर. हे गाव पूर्व इंग्लंडात असून पश्चिमेला तोंड करून आहे. म्हणजे इथे सूर्य समुद्रात मावळतो.

एक धोक्याची सूचना. वेल्सला ओहोटीला पाणी एवढं मागे जातं की दिसेनासं होतं, आणि परत येतं ते समोरून नाही, मागच्या पन्हळीतून. वाळूच्या उंचवट्यावर खेळणाऱ्यांना कळेपर्यंत मागे पाणी भरलेलं असतं. म्हणून तिथे भोंगा वाजवतात. भोंगा ऐकला की असतील तिथून किनाऱ्याकडे निघायचं, वाळूचा किल्ला अर्धा राहिला तरी.

रेवा_लेस्टर

नॉरफोककरदादा, हन्स्टंटनचं वाचून मी हे सगळं आईला फोनवर वाचून दाखवलं. तिचा पहिलाच प्रश्न, "म्हणजे आपल्यासारखाच सूर्य बुडतो का तिकडे?" ठरलं, नॉरफोक.

आता आठवडा कुठला घ्यावा? लेस्टरच्या शाळा इतर ठिकाणांपेक्षा लवकर सुटतात, जुलैच्या मध्याच्या आसपास. त्यामुळे बाकीच्या इंग्लंडची सुट्टी लागायच्या आधी आम्हाला एक आठवडा मिळतो आणि घरभाडंही अजून चढलेलं नसतं. तरी दोन शनिवारांमध्ये अडकलेय.

श्रीवर्धनकर

ताई, तारखा ठरवताना दिनदर्शिकेतली तिथी बघा. मनापासून सांगतोय. तुमच्या बाबांना हे ठाऊक असेलच.

आपल्याकडे कोळी लोकांचा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. शुक्ल असो वा वद्य, हिशेब तोच. आणि पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती, अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे पाणी कमी चढतं आणि कमी उतरतं.

तिकडच्या बंदराची वेळ वेगळी असणार, पण चंद्र तोच आहे. नॉरफोककरांनी फक्त एवढं सांगावं: तिकडे पौर्णिमेला भरती किती वाजता येते?

नॉरफोककर

श्रीवर्धनकर, वा! बारा वर्षांत मी हा विचार केला नव्हता. काल रात्री वेल्सचं भरतीचं वेळापत्रक आणि कालनिर्णय शेजारी ठेवून बसलो.

इथे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास भरती सकाळी आणि संध्याकाळी सात-आठच्या दरम्यान येते, उन्हाळ्यातल्या घड्याळाप्रमाणे. म्हणजे तुमच्या पाऊणपटीत साधारण साडेसात तास मिळवायचे. भरतीची लाट स्कॉटलंडच्या उत्तरेकडून आत शिरते आणि पूर्व किनाऱ्याने खाली सरकत येते, म्हणून प्रत्येक बंदराची वेळ पुढे पुढे जाते.

याचा सहलीशी संबंध असा. पौर्णिमेच्या आठवड्यात इथे भर दुपारी ओहोटी. अथांग वाळू, पण धक्क्याशी चिखल, खेकडे पकडायला पाणी नाही. बोटी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, कारण मॉर्स्टनच्या खाडीत भरतीच्या आगेमागे दोनेक तासच बोट तरंगेल एवढं पाणी असतं. उलट अष्टमीच्या आसपास दुपारी एक-दोनला भरती. नाश्ता करून निवांत निघा, बोटीत बसा, परत येऊन धक्क्यावर मुलांचे खेकडे. आजी-आजोबा आणि सहा वर्षांची मुलगी असलेल्या घराला हा आठवडा सोयीचा. शिवाय भांग असल्यामुळे पाण्याचा जोरही कमी.

एक गोष्ट ठामपणे सांगतो. हा हिशेब आठवडा निवडण्यापुरता. वाळूत किंवा खारफुटीसारख्या त्या दलदलीत पाऊल टाकताना त्या दिवसाचं छापील वेळापत्रकच बघायचं. वारा जोराचा असेल तर पाणी वेळापत्रकापेक्षा वर चढतं आणि लवकरही येतं.

रेवा_लेस्टर

बाबांना हे सांगितल्यावर पलीकडे बराच वेळ शांतता, मग म्हणाले, "साडेसात मिळवायचे. लिहून ठेवतो." आणि खरंच लिहून ठेवलं, दिनदर्शिकेच्या मागे.

पहिला शनिवार घेतला. आठवड्याच्या सुरुवातीलाच आषाढ शुद्ध अष्टमी येते, आणि बुधवारी आषाढी एकादशी. घर वेल्सपासून तीन मैलांवरच्या खेड्यात, जुनं धान्याचं कोठार दुरुस्त करून केलेलं. तळमजल्यावर एक झोपायची खोली आणि न्हाणीघर आहे, हे मालकिणीला फोन करून दोनदा विचारून घेतलं. दारात पायरी किती उंच आहे तेही विचारलं. एकच आहे, वीतभर.

आता स्वयंपाकाचं आणि औषधांचं सांगा.

पोळपाट_लाटणं

स्वयंपाकाचं मी सांगते. शेगडी कुठली आहे ते आधी विचार. अशा घरांत हल्ली सर्रास इंडक्शन असतं आणि आपला ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर तापतच नाही. मी एकदा भिजवलेली मटकी घेऊन तशीच बसले होते. स्टीलचा, जाड बुडाचा कुकर ने. पोळपाट-लाटणं, तवा, मिसळणाचा डबा, किसणी, एवढं ने. बाकी भांडी असतात.

दुसरं, फोडणी. जुन्या घरांत छताच्या तुळया खाली असतात आणि धुराचा भोंगा स्वयंपाकघराच्या दाराशीच. मोहरी तडतडली, मिरची पडली की भोंगा सुरू. खिडकी उघड, पंखा लाव आणि मग फोडणी कर. भोंग्याची बॅटरी काढून ठेवू नकोस. मुलं झोपलेली असतात अशा घरात तो जोखमीचा खेळ आहे.

बाहेर मासे-चिप्स खाणार असाल आणि त्यात कुणी शाकाहारी असेल तर चिप्स कशात तळतात ते विचारा. काही दुकानांत गाईची चरबी वापरतात. विचारलं तर सरळ सांगतात, राग मानत नाहीत.

जुलैत तिकडे मासळीवाल्याकडे सॅम्फायर मिळेल, दलदलीतली हिरवी, खारट काडी. नुसती वाफवून घे, मीठ अजिबात घालू नकोस. वसईकडची मोरसाची भाजी खाल्ली असशील तर चव ओळखीची वाटेल.

रात्रपाळी

मी इथल्या रुग्णालयात परिचारिका आहे. थोडक्यात लिहिते.

आई-बाबांची रोजची औषधं मोजून, शिवाय आठवडाभराची जास्तीची जवळ ठेवा, चिठ्ठीच्या फोटोसकट. खेड्यात औषधाचं दुकान रविवारी बंद असू शकतं. पाहुणे म्हणून आलेल्यांचा प्रवासविमा असायलाच हवा. अपघात विभागातले उपचार मोफत असले तरी पुढे भरती व्हावं लागलं तर त्याचं बिल येतं.

उथळ पाण्यात वाळूखाली वीव्हर नावाचा छोटा मासा दडलेला असतो. पाय पडला तर काटा टोचतो आणि जबर ठणकतं. बर्फ लावू नका. सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय अर्धा तास बुडवून ठेवा. मुलांना पाण्यात जायचे रबरी बूट घालाच.

पोहायचं ते लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच. वारा जमिनीकडून समुद्राकडे असेल तर हवा भरलेली खेळणी पाण्यात अजिबात नकोत, बघता बघता मूल लांब जातं. काही झालं तर ९९९ लावून कोस्टगार्ड मागा. पाणी जुलैत १६ अंशांच्या आसपास असतं. कोकणातल्या पाण्याची सवय असलेल्या माणसाने एकदम उडी मारली तर श्वास अडकतो, म्हणून हळूहळू आत जायचं. हे बाबांनाही सांगा, ते पट्टीचे पोहणारे असतील तर आधी सांगा.

डॉर्सेट_वारी

छान धागा झाला. वाचनखूण साठवली. रेवाताई, परत आल्यावर नक्की लिहा. आणि खेड्यात मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, तेव्हा नकाशा आधीच उतरवून घ्या. कागदी नकाशाही घ्या, ऑर्डनन्स सर्व्हेचा केशरी वेष्टनाचा, २५१ क्रमांकाचा. शेतातून जाणाऱ्या पायवाटा त्यात हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. बाबांना तो वाचायला आवडेल.

रेवा_लेस्टर

परवा परत आलो. कपडे अजून वाळूने भरलेले आहेत, पण आधी तुम्हाला लिहायला बसले.

रविवारी सील बघायला गेलो. बोट दुपारी साडेबाराची, भरती दीडच्या सुमारास. बोटीत उतरायला दोन पायऱ्या होत्या. नावाड्याने बाबांचा दंड धरला, बाबांनी त्याचा, दोघंही काही बोलले नाहीत. मुलं सील शोधत होती आणि बाबा पाणी. थोड्या वेळाने मला खुणावून म्हणाले, "बघ, मोठी पन्हळ अजून रिकामी दिसते तोवर बाजूच्या बारक्या पन्हळी भरल्या. आपल्या खाडीचं असंच." वाळूच्या दांड्यावर चाळीसेक सील पडलेले. एका मादीशेजारी पिल्लू, ओल्या दगडासारखं चकाकत होतं. बोट जवळून गेली तसं त्याने मान वर केली आणि माझी लेक आजीच्या शालीत शिरली.

परत येऊन वेल्सच्या धक्क्यावर. सगळे गळाऐवजी जाळीची छोटी पिशवी वापरतात, खेकड्याला इजा होत नाही. बहुतेक जण त्यात बेकन भरतात, आम्ही मासळीवाल्याकडून माशांची डोकी मागून घेतली. बादलीत समुद्राचंच पाणी, एका वेळी दहापेक्षा जास्त खेकडे नाहीत, आणि थोड्या थोड्या वेळाने सोडून द्यायचे, असा तिथला नियम. पहिला खेकडा वर आला आणि लेक मागे सरला. बाबा बाकावरून उठले. अंगठा आणि तर्जनीने मागून, पाठ आणि पोट अशा चिमटीत धरून त्याच्या हातावर ठेवला, मग त्याला स्वतः धरायला शिकवलं. शेजारच्या दोन इंग्रज मुलांनीही शिकवा म्हणून हात पुढे केले. बाबांना इंग्रजी बेताचंच येतं, पण "फ्रॉम बॅक, फ्रॉम बॅक" एवढ्यावर काम भागलं. तास-दीड तास ते उभे होते आणि गुडघ्याची आठवणही कुणी काढली नाही.

सोमवार चुकला, तो माझ्यामुळे. होल्कमला सकाळी आठलाच पोचलो, नेमकी ओहोटी. गाडीतळापासून लाकडी वाट छान आहे, पण राई संपल्यावर वाळू लागते आणि पाणी त्याच्याही खूप पलीकडे. आई आणि मुलं गेली, बाबा राईच्या कडेला थांबले. मला मागचं वर्ष आठवून कसंतरी झालं. मी परत फिरले आणि त्यांच्याजवळ बसले. तासाभराने ते म्हणाले, "दुपारी येऊया. पाणी इकडे येईल, मला जायला नको." तीन वाजता पुन्हा गेलो. भांग असल्याने पाणी अगदी राईशी आलं नाही, पण चालायचं अंतर निम्म्याहून कमी झालं होतं, आणि बाबांनी पाय ओले केले. त्या दिवसापासून वेळापत्रक त्यांच्या हाती दिलं. रोज रात्री ते उद्याच्या भरतीची वेळ कागदावर लिहून फ्रिजवर लावायचे आणि त्याप्रमाणे आम्ही निघायचो.

मंगळवारी पाऊस. घरात पत्ते, कांदाभजी, धुराचा भोंगा दोनदा. पोळपाट_लाटणंताई, कुकरचं सांगितलंत म्हणून वाचलो, शेगडी इंडक्शनचीच होती.

बुधवारी आषाढी. दुपारी भगर आणि दाण्याची आमटी करून संध्याकाळी हन्स्टंटन. सूर्यास्त सव्वानऊचा. आईला हे पटतच नव्हतं, घरी देवापाशी दिवा कधी लावायचा हा तिला आठवडाभर पडलेला प्रश्न होता, कारण तिन्हीसांज व्हायचीच नाही. फिरायच्या सपाट रस्त्यावर बाक आहेत, तिथे शाल घेऊन बसलो. ओहोटी लागलेली, ओली वाळू लांबवर पसरलेली, आणि सगळ्या वाळूवर तांबडं. आई म्हणाली, आषाढात हर्णैला आभाळ भरलेलं, सूर्य कुठे बुडतो ते दिसतही नाही, आषाढीला समुद्रात सूर्य बुडताना आयुष्यात पहिल्यांदा बघतेय. तो बुडाल्यावर तिने हात जोडले. शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बाईने तिच्याकडे बघून मान लववली.

गुरुवारी क्रोमर. खेकड्यांच्या होड्या अजूनही वाळूवरून ट्रॅक्टरने पाण्यात ढकलतात, ते बघायला बाबा तासभर थांबले. शिजवून, सोलून, कवचातच भरलेला खेकडा विकत घेतला. बाबांचं म्हणणं, मांस गोड आहे पण वाटण हवं होतं. मग हेन्री ब्लॉग या जीवरक्षक नौकेच्या तांडेलाचं संग्रहालय पाहिलं. ५३ वर्षांच्या सेवेत त्याच्या नौकेने ८७३ जीव वाचवले. लेकाने पाटी वाचून मराठीत सांगितलं. बाबांनी आकडा पुन्हा विचारला आणि टोपी काढली.

श्रीवर्धनकर

ताई, बुधवारचा परिच्छेद माझ्या आईला वाचून दाखवला. ती विचारतेय, एकादशीला ओहोटी हिशेबात बसली का?

रेवा_लेस्टर

अकराचे पाऊणपट सव्वाआठ, त्यात साडेसात मिळवले की भरती पावणेचारला, आणि ओहोटी त्यानंतर. बाबांच्या फ्रिजवरच्या कागदावर बुधवारपुढे वेळापत्रकातली वेळ लिहिलेली आहे, ती सव्वाचार. अर्ध्या तासाचा फरक. बाबांनी शेजारी पेन्सिलीने लिहिलंय, "आठ मिळवा."

नॉरफोककर

आठ तर आठ. पुढच्या वर्षी येणाऱ्यांनी नोंद घ्यावी. आणि रेवा, त्या कोठाराच्या मालकिणीची मला पत्ता द्यायला हरकत नसेल तर व्यक्तिगत निरोप कर. सप्टेंबरात माझी आई येतेय, तिलाही पायऱ्या चालत नाहीत.